दोन पालिका, एक ड्रेनेज लाईन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपरिषदेच्या ड्रेनेज विभागातून निवृत्त झालो, पण फोन काही निवृत्त झाले नाहीत. सोसायट्यांचे सेक्रेटरी, सरपंच, नवे नगरसेवक, कधी एखादा नुकताच रुजू झालेला उपअभियंता. नव्वद टक्के प्रश्न तेच ते असतात आणि त्यातले निम्मे हद्दीवरचे. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. गोव्यासाठी प्रश्न २० पहा.

१. आमच्या गावाचं मैलापाणी शेजारच्या महापालिकेच्या लाईनमध्ये सोडता येतं का?

येतं. त्यासाठी तीन कागद लागतात: दोन्ही संस्थांच्या सभांचे ठराव, दोघांमधला लेखी करार आणि ज्या केंद्रात पाणी शुद्ध होणार त्या केंद्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमच्या पाण्याचा धरलेला हिशेब. ‘आमच्या अध्यक्षांचं त्यांच्या आयुक्तांशी बोलणं झालंय’ हा कागद नव्हे. राज्यात अशा कितीतरी जोडण्या आहेत ज्या वीस वर्षांपूर्वी एखाद्या ठेकेदाराने उतार सोयीचा दिसला म्हणून करून टाकल्या. तुमची तशी असेल तर आधी ती कागदावर आणा. वाद झाल्यावर कागद करायला कुणी तयार होत नाही.

२. यासाठी वेगळा कायदा आहे का?

फक्त सामायिक मलनिस्सारणासाठी असा नाही. महानगरपालिकांना १९४९ चा अधिनियम (मुंबईला १८८८ चा), नगरपरिषदा-नगरपंचायतींना १९६५ चा, ग्रामपंचायतींना १९५८ चा. ड्रेनेज बांधणं आणि राखणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, कलम ६३ मध्ये ते स्पष्ट आहे. मैलापाण्याचा निकाल लावण्यासाठी हद्दीबाहेरूनही वाहिनी नेता येते आणि दोन स्थानिक संस्थांना सामायिक कामासाठी संयुक्त समिती नेमता येते. या सगळ्यावर १९७४ चा जलप्रदूषण कायदा. तो हद्द पाहत नाही, पाणी कुठे पडलं ते पाहतो.

कायदा परवानगी देतो, पण दर, मोजणी, दुरुस्ती यांबद्दल गप्प आहे. ती सगळी जागा करारानेच भरायची असते. म्हणून प्रश्न ५ लांबलाय.

३. एवढं झंझट कशाला? ज्याने त्याने आपापला एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्र) बांधावा की.

जिथे उतार साथ देतो तिथे बांधावाच. पण मैलापाणी शक्यतो उताराने वाहिलं पाहिजे. मलनिस्सारणाच्या केंद्रीय नियमपुस्तिकेप्रमाणे (२०१३) वाहिनीत सुरुवातीच्या काळातही सेकंदाला निदान ०.६ मीटर आणि पूर्ण क्षमतेच्या काळात ०.८ मीटर वेग मिळायला हवा, नाहीतर गाळ बसतो. आता पालिकेची हद्द आखली गेली ती जुन्या गावशिवेवरून, सर्व्हे नंबरावरून. उतार आखला नदीने. दोन्हींचं जुळण्याचं कारणच नाही.

पुण्याचंच बघा. मुळा नदी बऱ्याच लांबीत पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांची हद्द आहे. अलीकडे औंध, बोपोडी, पलीकडे सांगवी, दापोडी. नदी मध्ये असल्यामुळे दोघांनी आपापल्या काठाची केंद्रं बांधली, ते बरोबरच आहे. पण जिथे हद्द रस्त्याच्या मधोमध जाते किंवा ओढ्याच्या वरच्या अंगाला एक संस्था आणि खालच्या अंगाला दुसरी असते, तिथे वरच्याने स्वतंत्र केंद्र बांधायचं म्हणजे पाणी पंपाने उलटं चढवायचं. विजेचं बिल भरताना नाकापेक्षा मोती जड होतो. लहान नगरपंचायतीकडे केंद्र चालवायला माणसंही नसतात. बांधून बंद पडलेली छोटी केंद्रं मी पाहिली आहेत. टाक्यांत शेवाळ, पॅनेलला कुलूप, आणि पाणी बाजूच्या बायपासने थेट नाल्यात.

४. सांडपाणी, मैलापाणी, पावसाळी लाईन, हे सगळं एकच ना?

नाही. न्हाणी-स्वयंपाकघराचं ते सांडपाणी, त्यात संडासाचं मिसळलं की मैलापाणी. पावसाचं पाणी वेगळ्या लाईनमधून थेट ओढ्यात जायला हवं. गच्चीचे पाइप गुपचूप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतात, म्हणून पहिल्या जोरदार पावसात झाकणं उडतात. सामायिक लाईनवर ही चोरी महागात का पडते ते प्रश्न ७ मध्ये.

५. करारात काय काय असायलाच हवं?

मी पाहिलेल्या बहुतेक करारांत मुदत आणि रक्कम एवढंच होतं, बाकी सगळं ‘परस्पर सामंजस्याने’. हे दोन शब्द दिसले की सही करू नका.

पहिलं म्हणजे हस्तांतरणाचा बिंदू. कुठल्या चेंबरपर्यंत लाईन तुमची आणि कुठून त्यांची, हे चेंबर नंबर, तळपातळी आणि नकाशासह. ‘हद्दीपर्यंत’ लिहू नका, कारण हद्द हलते (प्रश्न १६). दुसरं, राखीव क्षमता. केंद्रात तुमच्यासाठी रोज किती दशलक्ष लिटर राखलं आणि वाहिनीत गर्दीच्या तासाला किती सोडता येईल, हे दोन वेगळे आकडे असतात. ते वेगळेच लिहायचे. तिसरं, पाण्याची प्रत: आम्लता (पीएच), तेल, घन पदार्थ, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप). चौथं, मोजणी कुणी करायची, मीटर कुणाचा, तपासून कोण देणार, आणि मीटर बंद असेल त्या काळाचं बिल कशावर काढायचं. हे शेवटचं वाक्य विसरलं तर मीटर बरोबर बिलाच्या आधी बंद पडतो, असा माझा अनुभव आहे.

मग दर आणि तो दरवर्षी कसा वाढणार. वीजदर वाढला तर आपोआप की पुन्हा सभेपुढे? केंद्राची क्षमता संपली तर विस्ताराचा खर्च कुणाचा? दंड झाला तर वाटणी कशी? वाद कुणाकडे न्यायचा आणि वाद चालू असताना पाणी चालू राहणार, हे स्पष्ट शब्दांत. आणि दोन्हीकडच्या एकेका अधिकाऱ्याचं पदनाम, ज्यांनी तीन महिन्यांतून एकदा त्या चेंबरपाशी उभं राहून नोंदवहीत सही करायची. नाव लिहू नका, पदनाम लिहा, बदल्या होतात.

६. आमच्या गावाचं पाणी किती, हे कागदावर कसं काढतात?

ड्रेनेज असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातलं ८० टक्के वाहिनीत येतं असं मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. समजा गावाची लोकसंख्या २५,०००. रोजचं मैलापाणी २७ लाख लिटर, म्हणजे २.७ एमएलडी. पण सगळे सकाळी सहा ते नऊमध्ये उठतात. म्हणून वाहिनीसाठी गर्दीचा गुणक लावतात: २०,००० लोकसंख्येपर्यंत ३, तिथून ५०,००० पर्यंत २.५, साडेसात लाखांपर्यंत २.२५, त्यापुढे २. या गावाला २.५ लागू, म्हणजे वाहिनीने ६.७५ एमएलडीचा वेग पेलला पाहिजे. त्यात जमिनीतून झिरपणारं पाणी वेगळं धरायचं.

भांडण इथेच होतं. शहर म्हणतं ‘६.७५ चे पैसे द्या’, गाव म्हणतं ‘आम्ही २.७ च सोडतो’. दोघेही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. केंद्राचा वाटा सरासरीवर काढायचा आणि वाहिनीचा गर्दीच्या आकड्यावर. आणखी एक: गावात घरोघरी बोअरवेल असतील तर पाणीपुरवठ्याच्या नोंदीवरून काढलेला आकडा कमीच येणार.

७. प्रत्यक्ष मोजणी कशी होते? मीटर बसवला की झालं?

पंपाने चढवलेली, भरून वाहणारी लाईन असेल तर विद्युतचुंबकीय मीटर उत्तम. उताराच्या लाईनमध्ये पाइप अर्धाच भरलेला असतो, तिथे तो चालत नाही. त्यासाठी फ्लूम (ठरावीक मापाची अरुंद होत जाणारी नाली) आणि त्यावर पाण्याची उंची मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर लागतो. पैसे नसतील तर चेंबरमध्ये व्ही-आकाराच्या खाचेची पाटी बसवून चोवीस तास, दर तासाला उंची मोजायची. जुनी पद्धत आहे, पण खोटं बोलत नाही.

आम्ही एकदा अशी मोजणी केली. हद्दीवरचा शेवटचा चेंबर, एका बाजूला त्यांचं डांबर, दुसऱ्या बाजूला आमचा खडीचा रस्ता. बॅटरी, पट्टी आणि वही. रात्री अकरानंतर उंची उतरायला लागली, एकपर्यंत उतरली आणि मग थांबली. तीन वाजता गाव गाढ झोपलेलं, एकही नळ चालू नाही, आणि खाचेवरून पाणी खळखळ पडतंय. ओंजळीत घेण्यासारखं नव्हतं, पण बॅटरीच्या उजेडात तळ दिसत होता, म्हणजे मैलापाणी नव्हतंच ते. सकाळी लाईन वरपर्यंत चालत गेलो. ओढ्याच्या पात्रातल्या एका चेंबरचा गळा फुटला होता आणि अख्खा ओढा आत शिरत होता. त्या पाण्याचे पैसे आम्ही शेजाऱ्यांना किती वर्षं देत होतो ते देवाला ठाऊक.

तेव्हा मीटर बसवा, पण पहाटेचा आकडा स्वतः बघा. दुपारपेक्षा तो फारसा कमी होत नसेल तर ओढा, झिरपा किंवा एखादा रात्रपाळीचा कारखाना शोधायला लागा. पावसाळ्यात मोजणी झाली तर गच्चीच्या पाण्याचेही पैसे तुम्ही भरता. म्हणून कोरड्या दिवसांची सरासरी आणि पावसाळी सरासरी करारात वेगळी ठेवावी.

८. खर्चाची न्याय्य वाटणी कशी करायची?

भांडवली खर्च राखीव क्षमतेवर, चालवण्याचा खर्च प्रत्यक्ष आलेल्या पाण्यावर. समजा शहराचं केंद्र २० एमएलडीचं आहे. तुमच्या २५,००० लोकांचे उद्या ३७,००० होतील म्हणून तुम्ही ४ एमएलडी राखून ठेवलं. बांधकामाचा पाचवा हिस्सा तुमचा, तुम्ही आज कमी सोडत असलात तरी. यंदा केंद्रात रोज सरासरी १५ आलं, त्यात तुमचं २.५. तर वीज, रसायनं, पगार यांचा सहावा हिस्सा तुमचा.

सरकारी अनुदानातून बांधलेल्या भागाचा हिस्सा शेजाऱ्याकडून वसूल करू नये असं माझं मत आहे. तो पैसा कुण्या एका शहराच्या करातून आलेला नसतो. शहरांचे लेखाधिकारी हे मान्य करत नाहीत.

९. मी गावात राहतो, पाणी शहराच्या केंद्रात जातं. मलनिस्सारणाचा कर कुणाला द्यायचा?

तुमच्या हद्दीच्या संस्थेला. शेजारची महापालिका तुमच्याकडून कर घेऊ शकत नाही. ती तुमच्या संस्थेला घाऊक बिल देते. कराचं नाव ठिकाणागणिक बदलतं, कुठे मलनिस्सारण लाभकर, कुठे मलप्रवाह सुविधा लाभकर. दोन्हीकडून बिल आलं असेल तर बहुधा तुमची मिळकत हद्दीवर आहे आणि दोन्ही नोंदवह्यांत चढली आहे. नगरभूमापनाचा उतारा घेऊन दोन्ही कार्यालयांत लेखी हरकत द्या, तोवर एकाला तरी भरत राहा.

१०. हद्दीवरचा चेंबर तुंबलाय. हे म्हणतात ‘त्यांचा’, ते म्हणतात ‘यांचा’.

करारात हस्तांतरणाचा बिंदू असेल तर पाच मिनिटांत सुटतं. नसेल तर एक युक्ती सांगतो. तुंबलेल्या चेंबरच्या खालचं, म्हणजे पाणी ज्या दिशेने जातं त्या दिशेचं पुढचं झाकण उघडायला लावा. ते कोरडं असेल तर अडथळा या दोन चेंबरच्या मधल्या पाइपात आहे आणि तो पाइप ज्याचा, काम त्याचं. तेही तुडुंब असेल तर अजून पुढे जा. कोरडं झाकण सापडेपर्यंत चाला. फोटो काढताना मागे दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब येऊ द्या, म्हणजे जागेवरून वाद होत नाही. झाकण मात्र त्यांच्याच माणसाकडून उघडून घ्या, स्वतः हात लावू नका. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

११. जेटिंगची (दाबाच्या पाण्याने लाईन साफ करणारी) गाडी दोघांकडूनही येत नाही. आम्ही खासगी माणूस उतरवला तर?

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षं, पाच लाख. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, कायमच्या अपंगत्वाला निदान २० लाख.

‘फक्त डोकं आत घालून बघतो’ म्हणणारेही गेलेत. तुंबलेल्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच मरतं आणि वास थांबतो. माणसाला वाटतं वायू गेला. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

जबाबदारी ठरवताना चेंबर कुणाच्या हद्दीत हा प्रश्न मागे पडतो. ज्याच्या सांगण्यावरून माणूस उतरला तो पहिला अडकतो. सोसायटीचे सेक्रेटरी, हे तुमच्यासाठी.

१२. केंद्र शहराचं, पाणी दोघांचं. प्रदूषणाचा दंड कुणाला?

मंडळाच्या संमतीपत्रावर ज्याचं नाव त्याला. केंद्रातून बाहेर पडणारं पाणी निकषात नसेल तर नोटीस शहरालाच येणार. मग शहर करार काढून तुमच्या पाण्याची प्रत तपासतं. तुमचे नमुने नियमित घेतलेले नसतील तर तुम्हाला बचाव नाही.

निकष कोणता हेही खूप जण विचारतात. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत बीओडी महानगरांसाठी लिटरला २० मिलिग्रॅम, इतरत्र ३०. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये तो १० वर आणायला सांगितलं. तुमच्या कामाचा आकडा संमतीपत्रात लिहिलेला, बाकी चर्चा.

मुळात केंद्रच नसेल तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१९ च्या आदेशाने लवादाने एप्रिल २०२० पासून काम सुरू न केलेल्या प्रत्येक केंद्रामागे महिन्याला ५ लाख आणि एप्रिल २०२१ पासून पूर्ण न झालेल्यामागे १० लाख भरपाई ठरवली. सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा आणि सांडपाणी मिळून महाराष्ट्र राज्यावर १२,००० कोटींची भरपाई लावली. ‘शेजाऱ्याशी बोलणी चालू आहेत’ हे उत्तर लवादापुढे टिकत नाही. कराराचं भिजत घोंगडं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

१३. आमच्या हद्दीत डेअरी, मंगल कार्यालयं, गॅरेजेस आहेत. त्यांचं पाणी सामायिक लाईनमध्ये चालेल का?

पूर्वप्रक्रिया करून चालेल. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या औद्योगिक पाण्याला बीओडीची मर्यादा ३५० आहे, तेल-ग्रीस २०, आम्लता ५.५ ते ९. नदीत थेट सोडायला बीओडी ३०. ३५० चालतं ते पुढे केंद्र आहे या भरवशावर. लाईन जर मध्येच नाल्यात उघडी पडत असेल तर ही सवलत कुठली?

मंगल कार्यालयांना ग्रीस ट्रॅप सक्तीचा करा. लग्नसराईत तेल थंड होऊन पाइपात मेणासारखं बसतं, आणि ते बसतं नेमकं शेजाऱ्याच्या हद्दीत गेल्यावर.

१४. आमची सोसायटी हद्दीच्या कडेला आहे. आमच्या पालिकेची लाईन दीड किलोमीटर लांब, शेजारची गेटसमोर. थेट जोडू का?

तुम्ही थेट नाही. अर्ज तुमच्या पालिकेकडे करायचा आणि तिने शेजारच्या पालिकेची ना-हरकत मागायची. गेटसमोरच्या लाईनवर प्लंबरने केलेलं भोक हे अनधिकृत कनेक्शन ठरतं आणि ते बंद झालं तर तुमची बाजू ऐकायला कुणी बसलेलं नसतं. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरीत स्वतःचं केंद्र चालवण्याची अट बहुधा असतेच. लाईन मिळाली म्हणून ते बंद करता येत नाही.

१५. शेजारी महापालिका नाही, छावणी परिषद (कॅन्टोन्मेंट) आहे. किंवा एमआयडीसी. किंवा सिडको. तेच नियम का?

तत्त्व तेच, सही करणारा हात वेगळा. छावणी २००६ च्या केंद्रीय कायद्याखाली, संरक्षण मंत्रालयाकडे. स्थानिक अधिकारी कितीही चांगला असला तरी मंजुरी वरून येते, एक-दोन वर्षं धरून चाला. एमआयडीसीच्या औद्योगिक पाण्याचं सामायिक केंद्र वेगळं असतं, ते पाणी घरगुती लाईनमध्ये घेऊ नका, त्यातल्या रसायनांनी तुमच्या केंद्रातले जिवाणू मरतात. सिडकोने बांधलेली व्यवस्था पुढे महापालिकेकडे येते तेव्हा हस्तांतरणाच्या यादीत कुठले पंप चालू आहेत हे जागेवर जाऊन बघा. हिंजवडीसारख्या ठिकाणी ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशा तीन यंत्रणा एकाच उतारावर आहेत. तिथे दोघांचा करार पुरत नाही.

१६. हद्दवाढ झाली, आमचं गाव महापालिकेत गेलं. जुन्या कराराचं काय?

गाव महापालिकेतच विलीन झालं तर करार संपतो, कारण दोन पक्षच उरत नाहीत. मालमत्ता आणि देणी महापालिकेकडे जातात. पुण्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, जून २०२१ मध्ये २३. अशा वेळी ग्रामपंचायतीने टाकलेल्या लाईन, बहुतेक नकाशाविना, महापालिकेच्या गळ्यात पडतात.

अवघड असतं उलटं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये पुण्यात आली आणि पुढे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. काल एकाच पालिकेच्या असलेल्या लाईनवर आज हद्द आली की करार शून्यातून करावा लागतो. तोवर सेवा पूर्वीप्रमाणे चालू राहील, असं वाक्य वगळण्याच्या आदेशात आहे का ते आधी वाचा. आणि तिसरा प्रकार: तुम्ही ‘अ’ पालिकेशी करार केला, पण तुम्ही विलीन झालात ‘ब’ मध्ये. मग ‘ब’ तुमच्या जागी करारात येते, देणं-घेणं सकट. ‘ब’ च्या अधिकाऱ्यांना हे पटवायला फाइल जिवंत ठेवा.

१७. गावात लाईनच नाही, सेप्टिक टँक आहेत. मैल्याचा टँकर शेजारच्या शहराच्या केंद्रात रिकामा करता येईल?

येईल, आणि छोट्या गावांसाठी मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. वाई आणि सिन्नर यांनी प्रत्येक टाकी ठरावीक वर्षांनी उपसण्याची पद्धत बसवली. टाकी तुंबेपर्यंत थांबायचं नाही. शहराच्या केंद्राशी करार करा: दिवसाला किती टँकर, किती वाजता, कुठल्या टाकीत. हा मैला मैलापाण्याच्या कितीतरी पट दाट असतो, एकदम ओतला तर केंद्र बिघडतं. रात्री रस्त्यावरच्या चेंबरमध्ये ओतणारे टँकरवाले सगळ्यांना माहीत असतात. टँकरला जीपीएस लावणं ही अट घाला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ग्रामपंचायतींसाठी ३० टक्के रक्कम स्वच्छतेशी बांधलेली होती, ती अशा कामाला चालत होती. कित्येक गावांनी ती पेव्हर ब्लॉकला वापरली.

१८. शुद्ध झालेलं पाणी कुणाचं? आम्हाला परत मिळेल का?

करारात लिहिलं असेल तरच. न लिहिल्यास केंद्र ज्याचं पाणी त्याचं, असंच सगळे धरून चालतात. पूर्वी याला किंमत नव्हती. नागपूरच्या भांडेवाडीतलं पाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जायला लागल्यावर लोकांना कळलं की हा विकायचा माल आहे. तुम्ही २.५ एमएलडी सोडत असाल तर तेवढ्या पाण्यावर किंवा त्याच्या उत्पन्नावर हक्क राखा. आज फुकट मागता येतो, दहा वर्षांनी नाही.

१९. थकबाकीमुळे शहराने ‘तुमची लाईन बूच मारून बंद करू’ अशी नोटीस दिली. करू शकतात का?

पाण्याचा नळ तोडणं आणि ड्रेनेज बंद करणं यांत फरक आहे. बूच मारलं की मैलापाणी तुमच्या चेंबरमधून ओढ्यात येणार. जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ जाणूनबुजून असं होऊ देणाऱ्यालाही लागू होतं. म्हणजे बूच मारणारं शहर आणि पर्यायी व्यवस्था न केलेले तुम्ही, दोघेही मंडळापुढे उभे. म्हणून ही धमकी सहसा धमकीच राहते. पण पैसे देणं आहेच. वादग्रस्त रक्कम बाजूला काढून बिनवादाची लगेच भरा, तसं पत्र द्या आणि वाद नगरविकास विभागाकडे न्या.

२०. गोव्यात कसं आहे?

तिथे मलनिस्सारण पालिकांकडे नाही, राज्याच्या यंत्रणेकडे आहे; २००१ पासून त्यासाठी वेगळं महामंडळही आहे. त्यामुळे दोन पालिकांमधल्या कराराचा प्रश्न फारसा येत नाही. तक्रार कुठे करायची हा प्रश्न मात्र तिथेही आहेच.

२१. वरच्या गावाने लाईनला न जोडता थेट ओढ्यात सोडलंय, आम्ही खाली. आमच्या पालिकेला त्यांच्यावर अधिकार नाही म्हणतात.

पालिकेला नाही हे खरं. अधिकार आहे तो प्रदूषण नियंत्रण मंडळाला: कलम ३३-अ खाली ते थेट निर्देश देऊ शकतं. पंचगंगेच्या खालच्या अंगाच्या लोकांना हे सांगायला नको. कोल्हापुरापासून इचलकरंजीपर्यंत नदीला किती संस्थांचं पाणी मिळतं ते त्यांनी मोजून ठेवलंय.

क्रम असा ठेवा. आधी माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, वरच्या संस्थेकडून तीन गोष्टी मागा: रोज किती मैलापाणी तयार होतं, त्यातलं किती शुद्ध होतं, आणि मंडळाच्या संमतीपत्राची प्रत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पहिल्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमची तक्रार. ती मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या आणि पंचनाम्याच्या वेळी हजर राहा, नमुना बाहेर पडणाऱ्या तोंडापाशी घ्यायला लावा. पुढे शंभर मीटरवर ओढ्याचं पाणी मिसळलेलं असतं. हललं नाही तर हरित लवादाचं पश्चिम पीठ पुण्यातच आहे. आदेश मागताना मूळ घटनेपासून सहा महिन्यांची मुदत लागते, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. म्हणून पहिल्या फोटोवरची तारीख जपून ठेवा.